सर्वज्ञ कुणाचा?

आमच्या सरांनी कादंबरी लिहायला घेतली आहे. निवृत्तीनंतर माणसं सकाळी फिरायला लागतात, नाहीतर सोसायटीच्या निवडणुकीत पडतात. सरांनी 2056 साल धरलं. भाषावार प्रांतरचनेची शंभरी, बेळगाव शहर, आणि सगळा कारभार एआयच्या हातात. उठायचं कधी, चपात्या किती, लग्न कुणाशी, सगळं तेच ठरवणार.

टिळकवाडीच्या दुसऱ्या रेल्वे गेटाजवळ आमचा कट्टा. शनिवारी तिथं पहिल्या प्रकरणाचं वाचन झालं. नायक गणपत गल्लीत कुंदा मागतो आणि दुकानातला आवाज म्हणतो, "नागरिक, आपल्या रक्तशर्करेस अनुसरून ही विनंती फेटाळण्यात येत आहे." इथवर सर आले आणि गेट पडलं. मालगाडी. सर थांबले नाहीत. पुढची दोन पानं मालगाडीनंच ऐकली.

"सर, हिरो कुठला तुमचा?" धडधड संपल्यावर बाळूनं विचारलं.

"अनगोळचा."

"अनगोळचा, आणि 'मी व्यथित आहे' म्हणालाय? लहानपणी सदाशिव पेठेत हरवलता काय?"

सरांनी चष्मा काढला. सर चष्मा काढतात तेव्हा प्रमाणभाषेवर व्याख्यान येतं, हे आम्हाला आठवीपासून माहीत आहे. याच बाळूला त्यांनी भूमितीच्या तासाला वर्गाबाहेर उभं केलं होतं. तो ते विसरलेला नाही. मीही नाही, कारण शेजारी मीच उभा होतो.

व्याख्यानातून वाचवलं मल्लेशीनं. "मशीनचं नाव काय ठेवलात, सर?"

"सर्वज्ञ."

"अय्यो, ते आमचं कन्नड कवी! त्रिपदी लिहिलेलं. चेन्नईत पुतळा हाय त्याचं, 2009 ला बसवलंय."

"सर्वज्ञ म्हणजे श्रीचक्रधर," सर कडाडले. "लीळाचरित्र वाचलंय का कुणी?"

कुणीच वाचलेलं नव्हतं. तरी दहा मिनिटं भांडण रंगलं. मल्लेशी त्रिपदी म्हणायला लागला, सर महानुभाव पंथाचा इतिहास सांगायला लागले. दोघंही उभे राहून.

"घाला सुप्रीम कोर्टात," बाळू म्हणाला. "2004 पासनं सीमाप्रश्नाचा एक खटला पडलाच हाय तिथं. त्याला सोबत हुईल."

प्रसाद बेंगळुरूच्या कंपनीत आहे, घरून काम करतो, आणि बोलताना समोर स्लाइड असल्यासारखं बोलतो. "तुम्ही उगाच घाबरताय. बारामतीत उसाला पाणी कधी द्यायचं ते एआय सांगतंय. डेटा नीट असला की निर्णय नीट."

"डेटा," बाळू म्हणाला, आणि चहाचा ग्लास खाली ठेवला. ग्लास ठेवला म्हणजे आता तो खरं बोलणार. त्याचं झेरॉक्स आणि ऑनलाईन अर्जांचं दुकान आहे. तालुक्याची अर्धी रडारड त्याच्या काउंटरवर होते. "आमच्या बाचं नाव ज्ञानोबा. मराठी शाळेच्या मास्तरनं इंग्रजीत डी लावून लिवलं. सरकारचं 'भूमी' आलं, जमिनीचे उतारे कॉम्प्युटरवर चढले, कानडीत. कानडीतनं इंग्रजीत आणताना ज्ञ चा झाला जे. आता एका कार्डावर डी, दुसऱ्यावर जे. मशीनच्या हिशेबानं मला दोन बाप."

मल्लेशी हसला नाही. त्याच्या घरी उलटं झालंय म्हणे, सासरकडची कागदं कोल्हापूरची.

"तुमच्या सर्वज्ञाला सगळं कळतंय, सर. म्हणून मला त्याचं भ्या वाटंना. इथल्याला माझा बाप कळंना झालाय. त्याचं करू काय?"

"पण ती तांत्रिक चूक आहे," प्रसाद.

"असंल की. पूर्वी तलाठी चुकायचा. त्याच्याशी भांडायचं, त्यानं कानडीत, आपण मराठीत. दोघांचाबी घसा बसला की चहा, आणि दुरुस्ती. आता स्क्रीन लाल हुतीया. लाल स्क्रीनची आई काढून उपयोग काय, गा?"

सर वहीत काहीतरी टिपत होते. पुढच्या प्रकरणात हे वाक्य 'रक्तवर्णी पटलासमोर तो निःशब्द झाला' असं येणार, अशी मी मल्लेशीशी पैज लावली आहे.

मग प्रसादनं फोन काढला, मराठी बोललेलं मशीनला कळतं हे दाखवायला. बाळूनं फोन तोंडापाशी धरला. "काय करालायस गा, मर्दा?" फोननं लिहिलं, 'काय कराल आई सगा मर्द'. सरांनी फोन हिसकावून घेतला आणि म्हणाले, "मी व्यथित आहे." अक्षर न् अक्षर बरोबर आलं.

"बघा," सर विजयी.

"बघितलं. म्हंजे 2056 ला तुमचा हिरो एकटाच सापडणार. बाकीचं अनगोळ सुटलं."

हसून मल्लेशीला ठसका लागला. त्या आनंदात सर म्हणाले, चहा माझ्याकडून. त्यांनी कोड स्कॅन केला, पन्नास रुपये. पैसे आले की बोलणारा चहावाल्याचा डबा गप्प.

"डबा बोलला नाही, सर."

"पैसे कापलेत हो! हे बघा!"

"डबा बोलू दे की."

सर फोन हातात धरून डब्यासमोर उभे. मल्लेशीनं मुद्दाम हात जोडले, "सर्वज्ञा, बोल रे." गेट पुन्हा पडलं, मिरजेकडची गाडी गेली, गेट उघडलं, आम्ही आपापल्या गाड्या चालू केल्या, आणि मागून डबा एकदम हिंदीत ओरडला, पन्नास रुपये मिळाले.

"हिंदीत!" सर आणि मल्लेशी एकाच वेळी म्हणाले.