पाच, नऊ आणि तेरा

आमची तिन्ही मुले घरीच शिकतात. थोरली तेरा वर्षांची आहे, मधली नऊ वर्षांची आणि धाकट्याला नुकतेच पाचवे वर्ष पूर्ण झाले आहे. "तिघांना एकाच वेळी शिकवता तरी कसे?" या प्रश्नाला मी आजवर अनेक मोघम उत्तरे दिली. मागच्या आठवड्यात मात्र एक वही हाताशी ठेवली आणि कोणाजवळ किती वेळ बसले हे रोज मिनिटांत लिहून काढले. त्या वहीने माझ्या काही समजुती मोडीत काढल्या, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

सोमवारची नोंद सर्वांत लाजिरवाणी आहे. भिंतीवर तिघांची तीन वेळापत्रके लावली होती. एकाला मुळाक्षरे, एकीला अपूर्णांक, एकीला बीजगणित असे अर्ध्या-अर्ध्या तासाचे तुकडे पाडले होते, आणि एकाला शिकवत असताना उरलेल्या दोघांनी 'आपले आपले' करावे अशी अपेक्षा होती. पाच वर्षांच्या मुलाचे 'आपले आपले' चार मिनिटांत संपते आणि पाचव्या मिनिटाला पेन्सिल टेबलाखाली, पाठोपाठ तोही टेबलाखाली असतो, हे कागदावर आखणी करताना माझ्या लक्षात आले नव्हते. दुपारपर्यंतचा हिशोब असा निघाला: धाकट्याजवळ १ तास ५० मिनिटे, थोरलीजवळ ३५ मिनिटे आणि मधलीजवळ ११ मिनिटे. मधली तक्रार करत नाही, समोर ठेवलेले पान निमूट भरते, आणि त्यामुळेच तिच्याकडे जाणे राहून जाते. तिचे पान मी संध्याकाळी पाहिले तेव्हा त्यातील प्रत्येक उत्तर एकाच चुकीमुळे चुकलेले होते, आणि ती चूक पहिल्या दोन मिनिटांत दुरुस्त करता आली असती.

घरी शिकवण्याची बाजू मांडताना आमच्यापैकी अनेक पालक अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ बेंजामिन ब्लूम यांच्या १९८४ सालच्या निबंधाचा आधार घेतात. एका शिक्षकाने एकाच विद्यार्थ्याला शिकवले, तर तो सरासरी विद्यार्थी नेहमीच्या वर्गातील सुमारे ९८ टक्के मुलांच्या पुढे जातो, असे त्यात मांडले होते. नंतरच्या अभ्यासांत एवढा मोठा फरक दिसला नाही; पण तो वाद बाजूला ठेवला तरी तीन मुलांच्या घरात 'एकास एक' असते कुठे? तिथे एकास तीन असतात, आणि तीही तीन निराळ्या इयत्तांतील. मुलांना वयानुसार वेगळ्या खोल्यांत बसवण्याची रीत शाळांत सर्वदूर रुजली ती एकोणिसाव्या शतकात, आणि शेकडो मुलांची व्यवस्था लावायची असेल तर ती समजण्यासारखीही आहे. शाळा नको म्हणून घरी बसलेल्या मी तीच व्यवस्था तीन मुलांसाठी एका टेबलावर उभी केली होती, याचे मला आता हसू येते.

मंगळवारी वेळापत्रके काढून टाकली आणि तिघांना मिळून एकच काम दिले. रोज संध्याकाळी सात वाजता, एकाच जागेवर उभे राहून, चंद्र कुठे आहे याची नोंद करायची. शुक्ल पक्ष नुकताच सुरू झाला होता, त्यामुळे कोर पश्चिमेला खाली दिसत होती. धाकट्याने आकार काढायचा, मधलीने जागा मोजायची आणि थोरलीने त्यामागचे गणित शोधायचे, असे ठरले. हात ताठ पुढे धरून एक डोळा मिटला, तर मुठीची रुंदी आकाशातील साधारण १० अंश झाकते आणि एक बोट साधारण २ अंश. मधलीने बुधवारी मोजले तेव्हा चंद्र कालच्या जागेपासून पूर्वेकडे एक मूठ आणि एक बोट सरकला होता. मग धाकट्यानेही मूठ धरली, आणि त्याचेही उत्तर जवळजवळ तेच आले. त्यावर मधली अडून बसली. त्याची मूठ एवढीशी, तिची मोठी, मग दोघांचे माप सारखे कसे? या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी मी तोंड उघडले होते, तेवढ्यात थोरली म्हणाली, "अगं, त्याचा हातही आखूड आहे ना!" मग तिने जमिनीवर खडूने दोन त्रिकोण काढले, एक लहान आणि एक मोठा, पण कोन तेच. समरूप त्रिकोण तिने दोन महिन्यांपूर्वी वहीत सोडवून संपवले होते; ते कशासाठी असतात हे मात्र तिला त्या संध्याकाळी कळले असावे, निदान तिच्या आवाजावरून मला तसे वाटले.

गुरुवारी आभाळ भरून आले. मधलीने न दिसणाऱ्या चंद्रासाठी बुधवारच्या जागेपुढे एक मूठ आणि एक बोट अंतरावर तुटक रेघेचे वर्तुळ काढून ठेवले आणि शुक्रवारी दोन मुठी व दोन बोटे मोजून ते पडताळून पाहिले. अंदाज आणि पडताळा यांचा याहून चांगला धडा मला रचता आला नसता. थोरलीचे गणित शनिवारी पूर्ण झाले. एका अमावास्येपासून दुसरीपर्यंत सरासरी साडेएकोणतीस दिवस जातात, म्हणजे सूर्याच्या तुलनेत चंद्र रोज सुमारे १२.२ अंश मागे पडतो. पृथ्वीला एक अंश फिरायला ४ मिनिटे लागतात, म्हणून चंद्र रोज सरासरी सुमारे ५० मिनिटे उशिरा मावळतो. चंद्र आणि सूर्य यांच्यातील अंतर १२ अंशांनी वाढले की एक तिथी पूर्ण होते, हे मी तिला त्यानंतर सांगितले. तेव्हा तिने ३६० ला ३० ने भागून पाहिले आणि बराच वेळ काही बोलली नाही.

बुधवारच्या सकाळबद्दल मात्र वेगळे लिहायला हवे. मुले विचार कसा करतात याचा अभ्यास करणारे मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांच्या कामाविषयी मी पूर्वी वाचले होते, म्हणून गंमत म्हणून मधलीला सांगितले की आठ-आठ बटणांच्या दोन सारख्या ओळी मांड, धाकट्याकडून त्या सारख्या असल्याचे कबूल करून घे, आणि मग त्याच्यासमोरच एक ओळ पसरून लांब कर. धाकटा ठामपणे म्हणाला की आता लांब ओळीत जास्त बटणे आहेत. मधलीने मोजून दाखवले, त्याच्याकडून मोजून घेतले. त्याने दोन्हीकडे आठ मोजले आणि तरीही लांब ओळीतच जास्त असल्याचे सांगितले. मधली अक्षरशः संतापली. मग मी तिची सोमवारची वही उघडली. तिथे तिने एक अष्टमांश हा एक चतुर्थांशापेक्षा मोठा ठरवला होता, कारण आठ चारापेक्षा मोठे. कागदाच्या घड्या घातल्यावर तिला स्वतःची चूक दिसली, आणि ती धाकट्याच्याच जातीची आहे हेही दिसले: डोळ्यांना जे मोठे वाटले, तेच मोठे. यावर थोरली हसली. म्हणून मी तिला अ अधिक ब कंसाचा वर्ग विचारला, तर ती अ वर्ग अधिक ब वर्ग लिहून मोकळी झाली. आम्ही चौकटीच्या कागदावर सात घरांचा चौरस कापला, बाजूचे तीन आणि चार असे भाग केले. चौरसात ४९ घरे होती. नऊ आणि सोळा मिळून पंचवीसच भरली. "मग हे दोन लांबट तुकडे कोणाचे?" असे मधलीने विचारले. उरलेली २४ घरे थोरलीच्या आधी तिलाच दिसली होती.

वयांतील अंतर ही आमच्या टेबलावरची अडचण आहे, असे मी दोन वर्षे धरून चालले होते. त्या सकाळी शिकवण्याचे साहित्य म्हणून माझ्याकडे जे काही होते, ते म्हणजे बटणे, कागद आणि हे अंतर.

एवढ्यावरून 'मोठ्यांनी लहानांना शिकवावे' हे सुभाषित डोळे मिटून स्वीकारायला मी तयार नाही. गुरुवारी सलग तिसऱ्या दिवशी धाकट्याचे वाचन घ्यायला सांगितले, तेव्हा थोरलीने पुस्तक मिटले आणि म्हणाली, "आई, मी शिकते आहे की शिकवते आहे, हे एकदा ठरव." अँड्र्यू बेल यांनी मद्रासमधील अनाथ मुलांच्या शाळेत मोठ्या मुलांकडून लहानांना शिकवून घेण्याची पद्धत वापरली आणि १७९७ साली तिची माहिती प्रसिद्ध केली, पुढे जोसेफ लँकेस्टर यांनी लंडनमध्ये अशाच पद्धतीने एका शिक्षकाच्या हाताखाली शेकडो मुले बसवली. या पद्धतीची खरी मोहिनी स्वस्ताईची होती. शिकवणाऱ्या मुलाला स्वतः घोकलेले तेवढेच पुढे देता येत असे, त्यामुळे शिकण्यातही घोकंपट्टीच उरत असे. माझ्या घरातही थोरली मला स्वस्तात पडत होती. त्रिकोण तिने आपणहून काढले होते. वाचन मात्र मी माझी सोय म्हणून तिच्या गळ्यात घातले होते. या दोन गोष्टींना एकाच नावाने गौरवणे बरोबर नाही.

शुक्रवारी दोन नवे नियम केले. सकाळचा पहिला अर्धा तास मधलीचा, कारण ती कधीच मागत नाही. नऊ ते साडेदहा थोरलीच्या खोलीचे दार बंद राहील आणि ते कोणीही, म्हणजे मीदेखील, वाजवणार नाही. शनिवारअखेर मधलीचा वेळ रोज सरासरी ४० मिनिटांवर आला. धाकट्याचा वेळ कमी झाला नाही; तो पाच वर्षांचा आहे, आणि तो कमी होईल अशी आशा मी सोडली आहे. इतिहास आणि भूगोल यांना आठवडाभर कोणी हात लावला नाही, हेही वहीत लिहिलेले आहे.

रविवारी सुट्टी होती. मधलीने धाकट्याला पुन्हा बटणे मांडायला लावली आणि एक ओळ पसरली. त्याने या टोकापासून मोजली, त्या टोकापासून मोजली, आणि बराच विचार करून सांगितले, "दोन्ही आठच आहेत. पण हे लांब आठ आहेत." मधलीने वाद घातला नाही. चंद्राच्या वहीत तारीख घालून तिने ते वाक्य जसेच्या तसे उतरवून घेतले.