साठ हजारातले सहा हजार

माझा भाचा एकोणीस वर्षांचा. एका जाहिरातवाल्याला त्याने व्हिडिओ एडिट करून दिले. ठरले होते ६०,००० रुपये, खात्यात आले ५४,०००. रविवारी तर्री पोह्याची प्लेट तशीच ठेवून माझ्यावर उखडला, "मामा, काऊन कापले यांनी? मी काय शेठ आहो का?"

टीडीएस म्हणजे पैसे देणाऱ्याने आधीच कापून सरकारकडे भरलेला कर, हे सांगितलं. नव्या पद्धतीत वर्षाला ४ लाखांपर्यंत कर नाही, तुझी कमाई त्याच्या आत, तेव्हा रिटर्न (वर्षाच्या कमाईचा हिशेब) भर, सहा हजार परत येतील. "परत येतात?" तिथून त्याचे कान टवकारले. पॅन, फॉर्म २६एएस (कापलेल्या कराची नोंद), रिफंड, पंधरा मिनिटांत सगळं डोक्यात शिरलं.

शाळेत काहीच शिकवलं नाही असं नाही. दहावीत हॉलमध्ये बसवून फिल्म दाखवली होती म्हणे. झेंडा, धरण, उड्डाणपूल आणि जड आवाजात 'कर भरा, देश घडवा'. मागच्या रांगा झोपल्या.

१९४२ मध्ये अमेरिकी सरकारने डिस्नेकडून याच विषयावर एक छोटी फिल्म करून घेतली होती. युद्ध चालू होतं, लाखो लोक पहिल्यांदाच आयकर भरणार होते. त्यात डोनाल्ड डक पेन घेऊन फॉर्मशी झुंजतो. उत्पन्न २,५०१ डॉलर, घरात पोसायला तीन भाचे (मामांचं दुःख जगभर सारखंच), आणि शेवटी कर निघतो १३ डॉलर. प्रचारच होता तो, पुढे तोफा-विमानं आहेतच. पण आधी फॉर्म भरून दाखवला!

आपल्या आयकर खात्याने २०२२ मध्ये मुलांसाठी सापशिडी काढली, मोटू-पतलूची कॉमिक्सही. लहान पोरांना ठीक आहे. सतरा वर्षांच्या पोरासमोर मोटू-पतलू ठेवून पाहा, उठून जाईल.

आयआरएसचे, म्हणजे भारतीय महसूल सेवेतले, आयकराचे नवे अधिकारी देशभरातून आपल्याच नागपुरात, छिंदवाडा रोडच्या अकादमीत शिकायला येतात. त्यांच्यातल्या दोघा-चौघांना घेऊन आठ मिनिटांची फिल्म करा ना, आपल्या बोलीत. एक पोरगा, एक बिल, कापलेले सहा हजार, रिटर्न, रिफंड. बस. आणि कृपा करून गल्लीतला खड्डा दाखवून आयकर मागू नका. तो खड्डा मनपाचा, आयकर जातो दिल्लीला. पोरांना हा फरक कळतो, आणि एकदा खोटं पकडलं की पुढचं ते ऐकत नाहीत.

परवा भाच्याचा मेसेज आला, "रिफंड आला की तर्री पोहे माझ्याकडून." मी विचारलं, रिटर्न भरलं का?

दोन दिवस झाले, निळ्या टिक्स दिसताहेत, उत्तर नाही.