अवघड भाग घरी आणि सोपा वर्गात, असं का?

दहावीचा आपला नेहमीचा तास बघा. चाळीस मिनिटांतली तीस मिनिटं शिक्षक बोलतात, मुलं फळ्यावरचं वहीत उतरवतात, आणि घंटा व्हायच्या बेतात असताना शेवटचं वाक्य येतं, "राहिलेली गणितं घरून सोडवून आणा." ऐकायचं नि उतरवायचं सोपं काम शिक्षक समोर असताना होतं. जिथं डोकं अडतं, विचारावंसं वाटतं, ते काम घरी जातं.

घरी विचारायचं कोणाला? शिकलेले आईवडील असले तर ते सांगतात. पैसे असले तर ट्यूशन आहे. आपल्याकडे गोव्यात शाळा दुपारी दीडच्या सुमारास सुटते आणि थोड्याच वेळात ट्यूशनवाल्यांच्या दारात चपलांचा ढीग पडतो. पण ज्याची आई कुंडईच्या फॅक्टरीत पाळीवर आहे, बाबा ट्रकवर आहेत आणि घरी फक्त आजी आहे, त्या मुलाने काय करावं? ते सकाळी मित्राची वही घेतं आणि बसमध्येच उत्तरं उतरवतं. मग आपण म्हणतो, हा अभ्यास करत नाही. शाळा सुटल्यावर जादा तास घ्यावा तर बालरथ, म्हणजे शाळेची बस, निघून जातो, आणि आतल्या वाड्यावर जाणारं मूल अडकून पडतं.

मी डिचोली तालुक्यात विज्ञान आणि गणित शिकवते. फ्लिप्ड क्लासरूम, म्हणजे उलटा वर्ग, ही पद्धत मला पटली ती या एका कारणासाठी. धड्याची पहिली ओळख मुलाने घरी करून घ्यायची, एखादा छोटा व्हिडिओ बघून किंवा पुस्तकाची दोन पानं वाचून. आणि वर्गातला वेळ गणितं, प्रयोग, वादविवाद यांना द्यायचा. अवघड काम अशा जागी येतं, जिथं मदत करणारा माणूस प्रत्येक मुलाला सारखाच मिळतो, फी न देता.

ही कल्पना कुणा मोठ्या कंपनीच्या डोक्यातून आलेली नाही. अमेरिकेत कोलोरॅडोमधल्या वुडलँड पार्क हायस्कूलमध्ये जोनाथन बर्गमन आणि ॲरन सॅम्स हे रसायनशास्त्राचे दोन शिक्षक होते. खेळाच्या स्पर्धांमुळे आणि लांबच्या प्रवासामुळे मुलांचे तास बुडायचे, म्हणून 2007 मध्ये त्यांनी आपले पाठ रेकॉर्ड करून ठेवायला सुरुवात केली. पुढे त्यांच्या लक्षात आलं की पाठ घरी बघता येत असेल तर वर्गात तो पुन्हा सांगत बसायची गरजच नाही. चवथीच्या आधी-नंतर किंवा गावच्या जत्रेच्या आठवड्यात निम्मे बाक रिकामे बघणाऱ्या गोव्यातल्या शिक्षकाला त्यांची अडचण वेगळी समजवून सांगायला नको.

त्याच्याही बरंच आधी, 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला, हार्वर्डमध्ये भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक मझूर यांना दिसलं की त्यांचे विद्यार्थी सूत्रं घालून गणितं सोडवतात, पण साध्या शब्दांत विचारलेल्या संकल्पनेच्या प्रश्नाला अडखळतात. त्यांनी वाचन घरी द्यायला आणि वर्गात प्रश्न टाकायला सुरुवात केली. आधी प्रत्येकाने आपलं उत्तर ठरवायचं, मग शेजाऱ्याला पटवून द्यायचं, मग पुन्हा उत्तर द्यायचं.

मी हे दहावीच्या विजेच्या धड्याला करून बघितलं. प्रश्न असा: 6 ओहम आणि 3 ओहमचे दोन रोध (विजेच्या वाटेतले अडथळे) समांतर जोडले तर एकूण रोध किती? बरेच हात 9 ला वर होतात. काही 4.5 म्हणतात. 2 हे बरोबर उत्तर म्हणणारी थोडीच असतात. अशा वेळी मी उत्तर सांगत नाही. "शेजारच्याला पटवून दे," एवढंच सांगते. मग वर्गात कलकल होते, कोकणी, मराठी, इंग्रजी सगळं एकत्र. नवी वाट उघडली की विजेला जायला जागा वाढते, म्हणून एकूण रोध लहान रोधापेक्षाही कमी होतो, हे एक मूल दुसऱ्याला स्वतःच्या शब्दांत सांगतं तेव्हा ते कायमचं बसतं. आणि मला बाकांमधून फिरताना कळतं की कोण नेमकं कुठं अडलंय. फळ्याकडे तोंड करून उभी असताना हे कधीच कळत नाही.

भाषेचा मुद्दा तर आपल्याकडे फार मोठा आहे. सरकारी प्राथमिक शाळेत मराठीतून शिकलेलं मूल पाचवीला इंग्रजी माध्यमात येतं. "टीचर, कळूंक ना" असं चारचौघांत म्हणायला त्याला लाज वाटते. पाच-सात मिनिटांचा मराठीतून समजावलेला व्हिडिओ, इंग्रजी संज्ञा तशाच ठेवून, ते मूल तीनदा बघू शकतं. थांबवून, मागे नेऊन, कुणी न हसता. मी माझे व्हिडिओ मोबाइलवरच करते. आवाज स्वच्छ आणि अक्षर मोठं असलं की पुरतं.

मोबाइल नसणाऱ्यांचं काय, हा प्रश्न खरा आहे. 2020 मध्ये सत्तरी-सांगेतली मुलं रेंजसाठी डोंगर चढत होती, ते आपण सगळ्यांनी बघितलंय. बऱ्याच घरांत एकच फोन असतो आणि तो बाबांबरोबर रात्री आठला घरी येतो. म्हणून व्हिडिओची सक्ती नको. तेच दोन पानांत छापून द्यावं, किंवा सकाळी प्रार्थनेआधी संगणक कक्ष उघडावा. मी पानंही देते. काहीच न बघता आलेल्या मुलाला शिक्षा करत नाही, पहिली पाच मिनिटं त्याला मागच्या बाकावर पान वाचायला बसवते.

पोर्शन पूर्ण होणार नाही, असं सहकारी म्हणतात. त्यांची भीती मला समजते. पण 2014 मध्ये अमेरिकेत 225 अभ्यास एकत्र करून पाहिले गेले, कॉलेजमधल्या विज्ञान-गणिताच्या वर्गांचे. नुसत्या व्याख्यानाच्या वर्गांत सुमारे 34 टक्के विद्यार्थी नापास होत होते, मुलांना वर्गात काम करायला लावलेल्या वर्गांत सुमारे 22 टक्के. ते अभ्यास फक्त या पद्धतीचे नव्हते आणि आपली शाळाही त्यांच्यासारखी नाही, पण वर्गातला वेळ कशावर घालवावा याचं उत्तर त्यात आहे. सगळा पोर्शन एकदम उलटा करायची गरजच नाही. जिथं मुलं दरवर्षी पडतात ते दोन-तीन धडे घ्या. आरसे-भिंगांची चिन्हं, रासायनिक समीकरणं, त्रिकोणमिती.

पालकांना एक विनंती. "टीचर शिकवत नाही, मोबाइल बघायला सांगते," असं वाटलं तर शाळेत येऊन एक तास मागे बसून बघा. आणि फोन घरी आल्यावर मुलाला पंधरा मिनिटं द्या, तेवढ्या वेळात येणारे कॉल तुम्ही घ्या. माझे व्हिडिओ आणि पानं हवी असलेल्या शिक्षकांनी मला मेसेज करावा. विजेचा धडा तयार आहे, भिंगांचा पुढच्या महिन्यात होईल.