मीटरवर 12 व्होल्ट दिसले म्हणजे मोटर जळाली, असं नाही

घरी बांधलेल्या विमानांच्या इलेक्ट्रिक फ्लॅपबद्दल, म्हणजे पंखाच्या मागच्या कडेच्या मोटरने खाली-वर होणाऱ्या झडपेबद्दल, एक सल्ला सध्या हौशी मंडळींत फार फिरतोय. आमच्या बडोद्यातही तो पोचलाय. सल्ला थोडक्यात असा: ‘फ्लॅप हलत नसेल तर मोटरचा कनेक्टर काढून मीटर लावा. 12 व्होल्ट दिसले तर मोटर गेली, नवी मागवा. फ्यूज उडत असेल तर एक नंबर मोठा टाका. फ्लॅप एकाच दिशेने चालत असेल तर लिमिट स्विच (फ्लॅप टोकाला पोचला की मोटर थांबवणारा स्विच) काढून वायर थेट जोडा. जमिनीवर चालला की काम झालं.’

यातलं प्रत्येक वाक्य चुकीचं आहे, आणि दोन तर जिवावर बेतणारी आहेत.

आधी 12 व्होल्टचं बघू, कारण सगळी गफलत तिथूनच सुरू होते. डिजिटल मल्टीमीटरचा स्वतःचा रोध साधारण 10 मेगाओहम असतो. त्यामुळे तो जवळपास करंट ओढतच नाही. वाटेत सडका जोड असला, वायरची एकच तार शिल्लक राहिलेली असली, तरी मीटर बिनदिक्कत 12 दाखवतो. मोटरचं तसं नसतं. थांबलेल्या मोटरचा रोध 1 ओहम धरा आणि जोडात 2 ओहम अडकलेत असं समजा. मग करंट 4 अँपिअर आणि मोटरच्या वाट्याला 4 व्होल्ट. मोटर हूं की चूं करणार नाही. फ्यूजही उडणार नाही. उरलेले 8 व्होल्ट त्या जोडात खर्च होतात, म्हणजे 32 वॉट उष्णता एका लगमध्ये (वायरच्या टोकाला बसवलेल्या धातूच्या तुकड्यात). सोल्डरिंग आयर्न साधारण तेवढ्याच वॉटचं असतं.

म्हणून कनेक्टर काढून मोजू नका. मोटर जोडलेली ठेवा, कुणाला तरी स्विच दाबून धरायला सांगा आणि तेवढ्या दोन-तीन सेकंदांत मोजा. आधी मोटरच्या दोन टोकांवर किती व्होल्ट मिळतात ते. मग बॅटरीच्या प्लसपासून मोटरच्या प्लसपर्यंत, आणि शेवटी मोटरच्या मायनसपासून बॅटरीच्या मायनसपर्यंत किती पडतात ते. तिघांची बेरीज बॅटरीच्या व्होल्टेजइतकी यायला हवी. एफएएच्या (अमेरिकेच्या विमान वाहतूक नियामक संस्थेच्या) एसी 43.13-1बी या मार्गदर्शिकेत 14 व्होल्टच्या सिस्टिमसाठी, मधूनमधून चालणाऱ्या उपकरणाच्या वायरिंगमध्ये 1 व्होल्टपर्यंत घट चालते असं दिलंय. फ्लॅप त्यातच मोडतो.

इथल्या मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतल्या एका शेडमध्ये एका मित्राचं दोन आसनी विमान उभं राहतंय. त्याच्या फ्लॅप मोटरला लोकांनी मृत्यूचा दाखला देऊन टाकला होता. कनेक्टर काढून 12.6. स्विच दाबल्यावर मोटरवर फक्त 3.9. प्लसच्या बाजूला 0.7 पडत होते, आणि मायनसच्या बाजूला 7.8! सीटखालचं फळकूट उचललं तर अर्थिंगचा रिंग लग अॅल्युमिनियमच्या रिबवर रंग न खरवडताच कसलेला. धातूचा स्पर्श फक्त बोल्टच्या आट्यांना, आणि वॉशरभोवती पांढरट पूड साठलेली. अॅल्युमिनियमवर दुसरा धातू बसवला आणि पावसाळ्याची दमट हवा लागली की असंच होतं. रंग काढला, जागा चकचकीत घासली, नवा टिन केलेला लग बसवला, शिवाय मायनसची वेगळी वायर थेट बॅटरीपर्यंत नेली. ‘मेलेली’ मोटर फिरली. परदेशातून मागवायची मोटर, तिची कस्टम ड्युटी, ती येईपर्यंतचा खोळंबा, सगळं टळलं.

मोटर कधीच जात नाही असं मी म्हणत नाही. भार असताना मोटरवर पूर्ण व्होल्टेज मिळतंय, यंत्रणा कुठे अडकलेली नाही आणि तरी ती फिरत नसेल, किंवा हलकेच टकटक केल्यावरच सुरू होत असेल, तर ब्रश (मोटरच्या आत फिरत्या भागाला करंट पोचवणारे कार्बनचे तुकडे) बघा. पण तो निकाल शेवटी लावायचा.

आता एकाच दिशेने चालणारा फ्लॅप. अशा बहुतेक सर्किटमध्ये दोन्ही दिशांना त्याच मोटरमधून आणि तिच्या त्याच दोन वायरींमधून करंट जातो, फक्त पोलॅरिटी उलटते. म्हणजे फ्लॅप वर जातो आणि खाली येत नाही, याचा अर्थ मोटर बरी आहे! संशय स्विचच्या अर्ध्या काँटॅक्टवर, दोनपैकी एका रिलेवर (छोट्या करंटने चालणाऱ्या विद्युत स्विचवर), नाहीतर लिमिट स्विचवर घ्यायचा. लिमिट स्विचला समांतर डायोड असतो, म्हणजे करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग. फ्लॅप टोकाला पोचला की स्विच उघडतो, आणि परतीचा करंट त्या डायोडमधूनच सुरू होतो. डायोड ओपन झाला, म्हणजे आतून तुटला, तर फ्लॅप टोकाला जाऊन तिथेच अडकतो. रिलेच्या कॉइलवर लावतात तो 1 अँपिअरचा 1एन4007 इथे लावला असेल तर तो जळून असं होऊ शकतं. इथला डायोड मोटरचा करंट पेलणारा हवा.

तोच डायोड शॉर्ट झाला, म्हणजे दोन्ही दिशांना करंट जाऊ देऊ लागला, तर मोटर टोकाला थांबतच नाही. ती रेटत राहते, करंट चढतो, फ्यूज उडतो. फ्यूजने काम चोख केलं. तिथे मोठा फ्यूज टाकलात, किंवा लिमिट स्विच काढून वायर थेट जोडलीत, तर मोटर अॅक्च्युएटरचं (फ्लॅप ढकलणाऱ्या यंत्रणेचं) ब्रॅकेट वाकवेल किंवा स्वतः जळेल. फ्यूज असतो वायर वाचवायला. अर्ध्या चौरस मिलिमीटरच्या वायरवर 20 अँपिअरचा फ्यूज म्हणजे दोष आला की वायरच फ्यूज होणार, तीही केबिनमध्ये, इतर वायरींच्या जुडग्यात. रस्त्यावर गाडी कडेला घेता येते; विमान घेता येत नाही. काही अॅक्च्युएटर टोकाला आपोआप सुटे फिरतात, त्यांना लिमिट स्विच लागत नाही. पण ते त्यांच्या ड्रॉइंगमध्ये असतं, फिरत्या सल्ल्यात नाही.

राहिलं जमिनीवर चालण्याचं. शेडमध्ये फ्लॅपवर हवेचा दाब नसतो. उड्डाणात खाली आणताना मोटरला वाऱ्याविरुद्ध रेटावं लागतं, तिथे करंट वाढतो, आणि कच्चा जोड नेमका तेव्हा दगा देतो. म्हणून दुरुस्तीनंतर भाराखालची घट पुन्हा मोजून लिहून ठेवा. मग पहिल्या उड्डाणात पुरेशी उंची गाठून, वेग एअरस्पीड इंडिकेटरच्या पांढऱ्या पट्ट्याच्या वरच्या टोकाखाली (फ्लॅप उतरवायच्या कमाल वेगाखाली) आणून, फ्लॅप टप्प्याटप्प्याने उतरवा. दोन्ही बाजू सारख्या उतरताहेत का हे डोळ्यांनी बघा, आणि फ्लॅप न लावता, जास्त वेगाने आणि जास्त लांब धावपट्टी धरून उतरायची तयारी आधीच ठेवा.