बॉयलर किटलीसारखा वाजतो? प्रेशर वाढवणं हा उपाय नव्हे

‘घर गरम ठेवणारा गॅस बॉयलर किटलीसारखा वाजू लागला की पाणी भरायचा व्हॉल्व्ह उघडून प्रेशर २.५ बारवर (बार हे दाबाचं एकक) न्या, आवाज जातो,’ असा सल्ला फिरतो आहे. तो चुकीचा आहे. कृपया पुढे पाठवू नका.

हा आवाज बहुतेक वेळा हीट एक्स्चेंजरमध्ये, म्हणजे ज्योतीची उष्णता पाण्याला मिळते त्या भागात, साचलेल्या क्षारांचा किंवा गाळाचा असतो. तिथे पाण्याचा प्रवाह अडतो, पाणी जागच्या जागी उकळतं, वाफेचे बुडबुडे उठतात आणि फुटतात. प्रेशर वाढवलं की उत्कलनबिंदू किंचित वर जातो, म्हणून थोडा वेळ शांत वाटतं. थर तसाच राहतो. शिवाय गार असतानाच २.५ बार ठेवलं, तर पाणी तापून फुगल्यावर प्रेशरचा काटा ३ बारला भिडतो आणि सेफ्टी व्हॉल्व्ह पाणी बाहेर टाकतो. मग पुन्हा ताजं पाणी, म्हणजे नवे क्षार आणि गंज चढवणारा ऑक्सिजन.

गार बॉयलरचा काटा साधारण १ ते १.५ बारमध्ये असेल तर व्हॉल्व्हला हात लावू नका, तंत्रज्ञाकडून सिस्टिम फ्लश करून, म्हणजे आतून धुऊन, घ्या. गुळगुळ आवाज मात्र हवेचा: हीटिंग बंद करा, गार झालेल्या रेडिएटरचा (खोली तापवणाऱ्या पॅनेलचा) हवा सोडायचा वरचा स्क्रू पाव फेरा सैल करा, फुसफुस थांबून पाणी आलं की आवळा.

बर्नर पेटताना ‘धप्प’ झालं, तर साचलेला गॅस उशिरा पेटतो आहे. बॉयलर तत्काळ बंद करा आणि परवानाधारक तंत्रज्ञाने तपासल्याशिवाय पुन्हा लावू नका.