जपानी किटली आणि मावशीच्या लोहाच्या गोळ्या

‘जपानमधील मोरिओका येथील एका घराण्याने ४०० वर्षे जपलेली रंगीत लोखंडी किटली आता जशीच्या तशी परदेशांत विकली जात आहे, तिच्यात रोज पाणी उकळून प्या, लोह मिळेल, गोळ्या बंद करा, आत गंज दिसला तर किटली विषारी समजून फेका,’ असा मजकूर काही महिने फिरतो आहे. माझ्या धाकट्या मावशीने तो वाचून मीच भेट दिलेली हिरवी चहादाणी गॅसवर चढवली आणि डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या डबीत तशाच ठेवून दिल्या, म्हणून हे लिहिणे भाग पडले.

आधी गोळ्यांचे पाहू. नाम्बु तेक्की या मोरिओकाच्या लोखंडी ओतकामात दोन भांडी दिसायला जवळजवळ सारखी असतात. तेत्सुबिन ही विस्तवावर पाणी उकळण्याची किटली, आतून मुलामा नसलेली. तिच्या पाण्यात थोडे लोह उतरते, हे मान्य करावे लागते, आणि आपल्याकडे लोखंडी कढईतील आंबट भाजीतही ते उतरतेच. क्यूसू ही मात्र केवळ चहा मुरवण्याची चहादाणी असून तिला गंज चढू नये म्हणून आतून एनॅमलचा थर दिलेला असतो. परदेशी बाजारात दिसणारी रंगीत भांडी बहुतेक याच प्रकारची असतात. पाण्याला लोखंडाचा स्पर्शच होत नसेल, तर लोह येणार कुठून? शिवाय ही चहादाणी थेट आचेवर ठेवू नये, असे तिच्यासोबतच्या सूचनापत्रकातच छापलेले आहे, कारण आचेने एनॅमल तडकते. तेत्सुबिन असती तरी पाण्यात किती लोह उतरेल हे पाणी व उकळण्याचा वेळ यांवर ठरते, आणि त्याच पाण्याचा चहा केला तर चहातील टॅनिन हे तुरट द्रव्य लोहाच्या शोषणात अडथळा आणते; मोजून दिलेल्या गोळीची जागा अशा बेभरवशाच्या पाण्याने कशी घ्यावी?

‘जशीच्या तशी’ हे तर धादांत खोटे. सतराव्या शतकात मोरिओकावर सत्ता असलेल्या नाम्बु सरदारांनी क्योटोहून ओतारी बोलावले, तेव्हा ४०० वर्षांचा आकडा ढोबळमानाने चालेल. पण तेत्सुबिनचे रूप अठराव्या शतकातले, आणि घराणे एक नव्हे, अनेक. पारंपरिक रंग काळा किंवा तपकिरी. १९०२ साली सुरू झालेल्या इवाचू या मोरिओकातील कारखान्याने रंगीत चहादाण्या घडवल्या त्या १९९०च्या दशकात, पॅरिसमधील एका चहाच्या दुकानाने मागणी केल्यावर. म्हणजे मजकुरात जो रंग प्राचीन म्हणून मिरवला आहे, तो परदेशी गिऱ्हाइकासाठीच आलेला आहे.

गंजाविषयी फार बोलायला नको. तेत्सुबिनमध्ये तांबूस डाग पडतातच. पाणी स्वच्छ असेल तर ती वापरता येते, आणि पाणी लाल येऊ लागले तर हिरव्या चहाची पाने उकळतात, म्हणजे टॅनिन व लोह मिळून काळा थर बसतो आणि गंज पाण्यात उतरणे कमी होते.

मावशीच्या चहादाणीच्या तळाचा टवका उडाला आहे. गोळ्या तिने परवापासून पुन्हा सुरू केल्या.