काडतूस आत बसलं म्हणून बार काढू नका

खानापूर-जांबोटी पट्ट्यातल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज जोरात फिरतोय. सार असं: बारा बोअरची दुनळी कितीही जुनी असो, आजचं ७० मिलिमीटरचं काडतूस बिनधास्त घाला, आत बसलं, बंदूक मिटली, म्हणजे ते तिचंच. जुनं विलायती पोलाद आजच्यापेक्षा दणकट. फारच शंका असेल तर काडतुसाचं तोंड ब्लेडनं पाच मिलिमीटर कापा. आणि डुकरं हुसकायला बार हवेतच काढायचा, त्यात कसली भीती? आजोबांकडून वारसानं आलेल्या बंदुका आपल्याकडे पुष्कळ घरांत आहेत, म्हणून उत्तर द्यावं लागतंय.

‘आत बसलं म्हणजे चालतं.’ सगळा घोळ इथेच आहे. काडतुसावर छापलेली लांबी ही बार झाल्यानंतरची, तोंड उलगडल्यावरची असते. तोंड दुमडलेलं ७०चं कोरं काडतूस मोजून बघा, साठच्या आतच भरेल. मग ते जुन्या बंदुकीच्या ६५च्या चेंबरात (नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसायची जागा) जाणारच की! बार होताना दुमड उघडते आणि जादाचे पाच मिलिमीटर चेंबरपुढच्या निमुळत्या गळ्यात घुसतात. छर्रे आणि वॅड (दारू आणि छर्रे यांच्यामधला बोळा) यांना तेवढ्याच अरुंद वाटेतून निघायचं असतं, त्यामुळे दाब वाढतो. शिवाय ७०च्या काडतुसात बहुधा भरणाच जास्त दाबाचा असतो, तो भाग वेगळाच. बहुतेक वेळा काही फुटत नाही, आणि म्हणूनच ‘मी तर कित्येक वर्षं वापरतोय’ म्हणणारे भेटतात. पण नळ्या आणि मागची भिंत यांच्यात हळूहळू फट पडते, बिजागरी खिळखिळी होते, दस्ता मानेशी चिरतो. ६५च्या चेंबरासाठीच मुद्दाम कमी दाबाची, ६७ मिलिमीटरची काडतुसंही इंग्लंडात बनतात, हे मान्य. पण तसं त्यांच्या खोक्यावर छापलेलं असतं. खोक्यावर नसेल ते आपण ठरवायचं नाही.

‘बारा बोअर म्हणजे बारा बोअर.’ बोअर ही नळीची रुंदी झाली. एक पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या केल्या तर एकीचा जो व्यास, तो. सुमारे साडेअठरा मिलिमीटर. चेंबरची लांबी त्यात कुठेच येत नाही. ती अडीच इंच म्हणजे ६५, पावणेतीन म्हणजे ७०, किंवा तीन इंच म्हणजे ७६ मिलिमीटर असू शकते. लायसनवर ‘डीबीबीएल १२ बोअर’ (म्हणजे मागून भरायची बारा बोअरची दुनळी) एवढंच लिहिलेलं असतं, त्यावरूनही काही कळत नाही.

‘जुनं पोलाद दणकट.’ कुठलं जुनं? काळ्या दारूच्या जमान्यातल्या, लोखंड-पोलादाच्या पट्ट्या पिळून केलेल्या नळ्या दिसायला देखण्या असतात, पण त्यातल्या बऱ्याच आजच्या बिनधुराच्या दारूसाठी तपासलेल्याच नाहीत. याचं उत्तर बंदुकीवरच कोरलेलं असतं. ती रिकामी आहे याची खात्री करा, नळ्या उतरवा आणि चेंबरखालचा सपाट भाग भिंगातून बघा. इंग्रजी बंदुकीवर ‘एनपी’ किंवा ‘नायट्रो प्रूफ’ असेल तर ती बिनधुराच्या दारूवर तपासलेली. १९२५च्या नियमांपासून चेंबरची लांबीही ठोकू लागले: अडीच, पावणेतीन. १९५४ नंतरच्या बंदुकीवर अडीच इंचाशेजारी ‘३ टन’ सापडेल, तो दर चौरस इंचाचा दाब. १९२५ आधीच्या शिक्क्यात शंकरपाळ्याच्या आकारात बारा आणि ‘सी’ एवढंच असतं; त्याचा अर्थ चेंबर तीन इंचांपेक्षा आखूड, बस्स. त्याला ७० समजणं हा निव्वळ अंदाज. बेल्जियमच्या बंदुकीवर अंडाकृतीत ‘ईएलजी’ आणि जवळ ६५ किंवा ७० हा आकडा बऱ्याचदा मिळतो.

शिक्का ६५चा आणि माप ७०चं निघालं, असंही होतं. मधे कुणीतरी चेंबर लांबवलेलं असतं. तेवढ्यानं बंदूक ७०ची होत नाही. तिथली नळीची भिंत पातळ झालेली असते आणि जुना शिक्का तिला लागू राहत नाही.

ब्लेडचा सल्ला तर वेडेपणाचा. तोंड कापलं तरी आतली दारू आणि छर्रे तेवढेच राहतात. दाब कमी होत नाही, दुमड मात्र धड राहत नाही.

राहिला हवेतला बार. दाब चेंबरात तयार होतो, नळी आभाळाकडे रोखलेली असो की बांधाकडे. फुटलीच तर ती पुढच्या हाताखाली आणि आपल्याच चेहऱ्याजवळ फुटते. (शेतात आलेल्या जनावरावर परवानगीशिवाय नेम धरला तर वन्यजीव कायदा आहेच.)

माप घ्यायचं तर चेंबर गेजनं, आणि तेही लायसनधारक दुकानातच. घरी काठी घालून मिलिमीटरचा हिशेब होत नाही. नळ्यांची फट, आतले खड्डे आणि चापाची पकड त्याच फेरीत बघून घ्या. दुरुस्ती गावच्या लोहाराकडे नको, शस्त्र कायद्यानं त्याला स्वतंत्र परवाना लागतो. नाहीतरी निवडणूक आली की बऱ्याचदा बंदूक ठाण्यात जमा करावी लागते. परत घेताना घरी नेण्याआधी दुकानात दाखवली तर वेगळा हेलपाटा वाचेल. तोवर ती रिकामीच राहू द्या.